हाकेच्या अंतरावर

अकरा मिनिटं. टाइप केलेल्या कागदाच्या तिसऱ्या ओळीत हा आकडा होता, आणि बाकी सगळं सोडून मी त्याच्यावरच अडले. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सहा म्हटलं असतं. फार तर सात. सव्वीस वर्षं मी घड्याळाकडे न बघता तास संपवत आले आहे. घंटा माझ्या शेवटच्या वाक्यावर पडते, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी थट्टा होते की बाईंचा चेहरा बघून शिपाई घंटा देतो. आणि आता मला एक कागद सांगत होता की माझे सहा म्हणजे अकरा. "हे कुठून आलं?" मी विचारलं. मोठे सर, आमचे मुख्याध्यापक, पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. "व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यातून, बाई. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद. सेकंद मी लिहिले नाहीत." सेकंद माफ केल्याचं त्यांना बरं वाटत असावं. "नीट वाचा आणि चारपर्यंत सही करून द्या. उद्या चौकशी समिती बसतेय." मी कागदाला दोन घड्या घातल्या, पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. माझा तास मोकळा होता. पोरं खेळाच्या सरांबरोबर मैदानावर होती.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. कुणाचा तरी डबा उघडा होता, पंखा सर्वांत कमी वेगावर कुरकुरत होता. मी खिडकीजवळ बसून कागद परत उघडला. झालं होतं ते असं. गेल्या सोमवारी दुसऱ्या तासाला मला ऑफिसात बोलावलं गेलं. तिसरीचा माझा वर्ग, चौतीस पोरं, मी मदतनीस बाईंवर सोपवून गेले. मी नसताना भिंगरी स्टुलावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. भिंगरी म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यांत चपळ, सगळ्यांत बडबडी पोरगी. तिला हे नाव पहिलीतच पडलं, आणि आता हजेरीत खरं नाव घेतलं तर ती स्वतः इकडेतिकडे बघते. मी परत आले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, हात बांधलेला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. एवढंच झालं. कागदात मात्र ते माझ्या तोंडून असं सांगितलं होतं: 'वर्गाबाहेर जाताना मी मदतनीसांना आवश्यक त्या सर्व सूचना दिल्या होत्या. घटनेची माहिती मदतनीसांनी मला वेळीच दिली नाही. मी हाकेच्या अंतरावर होते, परंतु मला कोणताही वेगळा आवाज ऐकू आला नाही.' तीन वाक्यं. तिन्ही वाक्यं सुटी सुटी घेतली तर कुणी म्हणणार नाही की ही खोटी आहेत. सरांनी ती माझ्या भल्यासाठीच लिहिली होती, हेही मला कळत होतं. सही केली की चौकशी मदतनीसांवर जाईल, त्यांचं काम जाईल आणि माझा वर्ग माझ्याकडे राहील. सही नाही केली तर उद्यापासून वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि चौकशी संपेपर्यंत मी दोन मजले खाली ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवत बसेन. चौकशी वर्षभर चालते. वर्षभरात पोरं चौथीत जातील.

हाकेच्या अंतराचा नियम मला तोंडपाठ आहे. मदतनीस एकटी वर्गात राहू शकते, जास्तीत जास्त दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ शिक्षक हाकेच्या अंतरावर हवा. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं होतं, तिथे एक वकील आले होते. बारीक, सर्दी झालेले, दर दोन वाक्यांनी नाक पुसणारे. ते म्हणाले, वर्गात मदतनीस असली तरी कायद्याच्या नजरेत वर्गात तुम्हीच असता. मदतनीस तुमच्या हाताखाली काम करते, म्हणजे तिचे हात हे तुमचेच हात धरले जातात. मी उभी राहून विचारलं, म्हणजे मी नसले तरी मी असते? ते म्हणाले, अगदी बरोबर. सगळे हसले. शेजारची शिक्षिका कानात म्हणाली, तुला काय, तू तर सगळीकडे असतेसच. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला ते आवडलं. आपण नसतानाही वर्गात असतो ही गोष्ट कायद्याला आत्ता सुचली होती. मला ती पहिल्या वर्षापासून माहीत होती.

कारण मी वर्ग कानांनी सांभाळते. ही माझी पद्धत आहे, कुणी शिकवलेली नाही. वर्गाबाहेर जावं लागलं की एक पोर स्टुलावर उभं राहतं आणि पाढे सांगतं, मागून सगळा वर्ग म्हणतो. दोनपासून सुरुवात. दहाचा पाढा संपायच्या आत बाई परत येतील, हा माझा आणि वर्गाचा करार. मी व्हरांड्यात कुठेही असले तरी माझा अर्धा जीव त्या आवाजात असतो. बे त्रिक सहाला कोण मागे पडलं, पाच सक तीसला मागच्या बाकावर कोण खुसखुसलं, मला सगळं कळतं. परत येऊन मी नुसतं नाव घेते आणि त्या पोराचे डोळे वाटाण्याएवढे होतात. हे अंगात आलं बाबांकडून. बाबा छापखान्यात मशीनवर होते. आम्ही डबा द्यायला गेलो की ते आमच्याशी बोलता बोलता मध्येच गप्प होत, मान वाकडी करत आणि उठून मशीन बंद करत. कागद अडकायच्या आधी त्यांना तो अडकणार हे ऐकू येई. एकदा त्यांनी पूर्ण वेगात चाललेलं मशीन थांबवलं आणि काहीच निघालं नाही. रोलर साफ, शाई साफ, कागद सरळ. अख्खा छापखाना हसला, मालक सगळ्यांसमोर बोलले. मी तेव्हा दहा वर्षांची, डबा हातात, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा मात्र त्या दिवशी पोटभर जेवले. आईला त्यांनी स्वतःच सांगितलं, आज मी चुकलो बरं का. आणि पुन्हा भाजी वाढून घेतली. मला ते जेवण अजून कळलेलं नाही, म्हणजे परवापरवापर्यंत कळलेलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात तपासनीस बाई आल्या होत्या. मोठ्या हुद्द्याच्या, पांढऱ्या केसांच्या, फार थोडं बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या पद्धतीबद्दल कुठून तरी ऐकलं होतं आणि त्यांना ती बघायची होती. बघायची म्हणजे ऐकायची. मी ऑफिसच्या दारात त्यांच्याशेजारी उभी होते, वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये पाच दारं. मी म्हटलं, कान द्या. हा माझा वर्ग. मी इथे आहे, वर्ग तिथे आहे, पण बिघडत काही नाही. भिंगरी पाढे सांगत होती, तिचा आवाज शिट्टीसारखा वर आणि खाली चौतीसातल्या तेहतीस पोरांचा गोंगाट. चारचा झाला, पाचचा झाला. बाई मान हलवत होत्या. मी फुलले होते, लपवत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मोठं माणूस माझ्या वर्गाकडे माझ्यासारखं कान लावून उभं होतं. सातचा सुरू झाला. सात पंचे पस्तीस. सात सक बेचाळीस. आणि मग सात साती एकोणपन्नास आलं ते शिट्टीच्या आवाजात आलं नाही. जाड्या, बाईमाणसाच्या, जरा घोगऱ्या आवाजात आलं. भिंगरी थांबली होती आणि मदतनीस पाढा सांगत होत्या. मागून पोरांनी म्हटलं, पण तो आवाजही पातळ झालेला होता, म्हणजे निम्मी पोरं म्हणत होती आणि निम्मी कुठेतरी बघत होती. हे मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं, जसं आत्ता पंख्याचं कुरकुरणं ऐकू येतंय. माझी मान वाकडी झालीसुद्धा. आणि त्याच वेळी तपासनीस बाई म्हणाल्या, "हे सगळ्या शाळांना दाखवायला हवं. तुम्हीच दाखवायचं." मी त्यांच्याकडे वळले. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, बाई." आणि तिथेच थांबले. पुढे त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. आठचा, नऊचा, दहाचा पाढा त्याच घोगऱ्या आवाजात झाला, आणि पुन्हा बे एके बे सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, येते हं. पळाले नाही. चालत गेले. बाई बघत होत्या ना.

हे कुणालाही माहीत नाही. कॅमेऱ्याला आवाज नाही. तपासनीस बाईंना भिंगरीचा आवाज कुठला आणि मदतनीसांचा कुठला हे कळायचं कारण नाही. मोठे सर आत फायली शोधत होते. म्हणजे या जगात ते सात साती ऐकणारी मी एकटी. कागदातलं तिसरं वाक्य, मला कोणताही वेगळा आवाज ऐकू आला नाही, हे माझ्याशिवाय कुणी खोडून काढू शकत नाही. आठ दिवस मी ते स्वतःशीही बोलले नव्हते. स्वयंपाक करताना, झोपायला अंग टाकताना, हजेरी घेताना मध्येच तो जाडा आवाज यायचा, आणि मी पटकन दुसरं काहीतरी करायला घ्यायचे. काल भिंगरीचे वडील भेटायला आले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. नखांत ग्रीस, पण बोलणं साबणाने धुतल्यासारखं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "बाई, मला कुणावर राग काढायचा नाहीये. आमच्यात लिफ्ट अडकली की पहिला प्रश्न एकच असतो, ड्यूटी कुणाची होती. तेवढं सांगा. मग पुढचं सगळं आपोआप कळतं." मी त्यांना म्हटलं, चौकशी चालू आहे. हे वाक्य माझ्या तोंडून आलं यावर माझा विश्वास बसला नाही. वर्गात एखादं पोर असं बोललं असतं तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, तुला काय विचारलं आणि तू काय सांगतोस.

मी उठले आणि वर्गाकडे गेले. वर्गात मदतनीस एकट्याच होत्या, खिडकीशी बसून कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होत्या. पोरं त्यांना बटणकाकू म्हणतात, आणि आम्हीही सगळे तेच म्हणतो. नवरा गेल्यावर काही वर्षं त्यांनी शिवणकाम केलं, मग दहा वर्षांपूर्वी शाळेत लागल्या, पण सुईदोरा आणि मोजायची फीत खिशातून गेली नाही. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. दहा वर्षं आम्ही एका वर्गात काढली आणि त्या मला बाई म्हणतात, मी त्यांना काकू. मी समोरच्या छोट्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. "काकू, एक विचारू का? भिंगरी पडल्यावर तुम्ही पाढे का थांबवले नाहीत?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुम्हीच सांगितलंत ना."

"मी? कधी?"

"ते कबूतर शिरलं होतं तेव्हा. पोरं ओरडायला लागली, पाढा बंद पडला आणि तुम्ही पळत आलात. सगळ्या पोरांसमोर म्हणालात, काकू, आभाळ कोसळलं तरी पाढा थांबता कामा नये. लक्षात आहे मला. विसरण्यासारखं नव्हतं ते."

मला आठवलं. कबूतर आठवलं, पंख्यात सापडेल म्हणून बटण बंद करायला धावणाऱ्या काकू आठवल्या, आणि दारात धापा टाकत उभी राहिलेली मी. घाबरलेली होते मी, फार घाबरलेली. आवाज बंद झाला की वर्ग माझ्या हातातून सुटला असं मला वाटतं. त्या भीतीचा राग मी काकूंवर काढला होता. पण पाढा हा पहारा आहे, तो थांबला की मी येते, थांबणं हीच हाक आहे, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. दहा वर्षांत एकदाही नाही. मला वाटत होतं हे कुणालाही कळेल. त्यांना वाटत होतं की बाईंना शिस्तीचा शौक आहे. म्हणून पोरगी पडली तेव्हा त्यांनी जमिनीवर गुडघे टेकले, दोन लाकडी पट्ट्या मनगटाला लावल्या, खिशातली फीत गुंडाळली आणि हे सगळं करताना तोंडाने सात साती, सात आठी चालू ठेवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती फीत सोडताना विचारलं होतं, हे कुणी बांधलं, हाड जागचं हललेलं नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, आमच्या शाळेत. शाळेत, असं म्हटलं होतं मी. काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

मी पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचला, ओठ हलवत. मग परत दिला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कळवलं नाही हे खरंच आहे."

"मी सही करणार नाहीये. सगळी जबाबदारी माझी आहे असं लिहून देणार आहे. तुमचं नावसुद्धा येणार नाही त्यात."

मला वाटलं त्यांचे डोळे भरतील. मी त्या क्षणाला तयार होऊन आले होते, आपल्या मोठेपणाची ऊब मला आधीच लागली होती. काकूंनी शर्टाची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "का म्हणून नाही येणार?"

"म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"बाई, ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर पडली. स्टुलावर गिरकी घेत होती, मला दिसत होतं, मी म्हटलं, आत्ता उतरेल. मग तिला उचलली मी. बांधली मी. बाकीची तेहतीस रडायला लागली असती, त्यांना धरून ठेवली मी. तुम्ही माझ्यावर ढकललं असतंत तर मी घरी जाऊन चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसरं काम बघितलं असतं. पण नावच नाही म्हणजे काय? त्या वेळी वर्गात कुणी नव्हतंच का?" त्यांचा आवाज चढला नाही. सात साती जसं सांगितलं होतं तसंच हेही सांगितलं. "त्या वकिलाचं तुम्हीच येऊन सांगितलं होतंत ना, हात माझे पण धरणार तुमचे. तेव्हा मी हसले. पण मला ते काही बरं वाटलं नव्हतं."

मला गप्प बसवणारी माणसं थोडी आहेत आणि त्यांत बटणकाकू असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. दहा वर्षं मी त्यांना कानांनी ऐकत होते, म्हणजे त्यांच्यामागे माझा वर्ग चालतोय का ते ऐकत होते. त्या स्वतः काय बोलतात ते मी कधी ऐकायला गेले नाही. आणि गंमत अशी, की त्या बोलत होत्या तेव्हा मला लाज वाटली खरी, पण लाजेच्या वर चढून दुसरंच काहीतरी आलं. मला त्यांचा अभिमान वाटला. ही बाई माझ्या वर्गात आहे, माझ्याबरोबर काम करते, आणि माझ्यासमोर बसून मला विचारते की त्या वेळी वर्गात कुणी नव्हतंच का. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराने असं विचारलं असतं तर मी घरी जाऊन चार जणांना सांगितलं असतं. मी हजेरीच्या वहीच्या मागचं कोरं पान फाडलं. काकू म्हणाल्या, वही फाडली तर सर बोलतील. मी म्हटलं, आज त्यांना बोलायला पुष्कळ आहे, त्यात हेही बोलतील.

मी लिहायला बसले आणि पहिल्यांदाच मला कळलं की लिहिणं सोपं आहे. अवघड होतं ते आठ दिवस न लिहिणं. मी लिहिलं की मी अकरा मिनिटं वर्गाबाहेर होते आणि नियम दहाचा आहे. मुलांना स्टुलावर उभं करण्याची पद्धत माझी आहे, मदतनीसांची नाही. पाढे थांबवू नका ही सूचना माझी होती आणि तिचा अर्थ मी त्यांना कधीही समजावून सांगितलेला नव्हता. इथे पेन जरा थांबलं. मग मी लिहिलं: 'सात साती एकोणपन्नास या ठिकाणी सांगणारा आवाज बदलला आणि वर्गाचा आवाज कमी झाला. हे मला ऐकू आले होते. मी गेले नाही, कारण त्या वेळी माझे कौतुक चालले होते.' कौतुक हा शब्द खोडून दुसरा घालावा असं वाटलं, पण दुसरा काही सुचेना आणि खरा तोच होता. खाली मी लिहिलं की मुलगी पडल्यानंतर वर्गात जे जे बरोबर झालं ते सर्व मदतनीसांनी केलं, पट्ट्या बांधणं, मुलांना सांभाळणं, घाबरून न जाणं, आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. पूर्ण नाव मला पटकन आठवलं नाही. विचारावं लागलं. त्यांनी ते वडिलांच्या नावासकट सांगितलं, आणि मी लिहीत असताना खांद्यावरून वाचून बघितलं, बरोबर लिहिलंय ना.

मोठ्या सरांनी पान दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा चष्मा काढून. पावणेचार झाले होते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना कटकट आवडत नाही, एवढंच. "बाई," ते म्हणाले, "बाकीचं मी समजू शकतो. स्टूल, सूचना, ठीक आहे. पण ही ऐकू आल्याची ओळ कशाला? हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"कुणाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग काढा ना ती. बाकी सगळं राहू दे. ती ओळ नसेल तर समिती समज देऊन सोडेल, वर्गसुद्धा राहील कदाचित. ती असेल तर मी काही करू शकत नाही. उद्यापासून तुम्ही ग्रंथालयात."

आणि मला खरोखर मोह झाला. मैदानावरून पोरं वर येत होती, जिन्यावर त्यांच्या बुटांचा धबधबा चालू होता, त्यात कोण दोन दोन पायऱ्या उड्या मारत येतंय आणि कोण बाटली कठड्यावर आपटतंय हे मला खुर्चीत बसून कळत होतं. एक ओळ काढली तर हा आवाज माझा राहणार होता. पण ती ओळ काढायची म्हणजे लिहून द्यायचं की पाच दारांपलीकडे वर्गाचा आवाज फिरला आणि मला ते कळलं नाही. मला? मी चुकले हे मी कबूल करीन, चारचौघांत करीन, उद्या समितीसमोर उभी राहून करीन आणि घरी जाऊन पोटभर जेवीन. पण कळलं नाही असं मी म्हणणार नाही. "सर," मी म्हटलं, "मला ऐकू येतं. सव्वीस वर्षं येतंय. ते मी कुठल्याही कागदावर नाकारणार नाही." सरांनी शिक्का उचलला आणि पानाच्या कोपऱ्यात मारला. "जिद्दी आहात," ते म्हणाले. मी म्हटलं, हो.

शेवटचा तास माझाच होता. वर्गात शिरले तर भिंगरी पहिल्या बाकावर, प्लॅस्टरवर सगळ्यांनी नावं लिहून ते काळंनिळं केलेलं, आणि ती डाव्या हाताने तिसऱ्याच कुणाचं तरी चित्र रंगवत होती. मी स्टूल उचललं आणि कपाटामागे ठेवलं. पोरांनी बघितलं, विचारलं नाही कुणी. मी त्यांना नेहमीसारखं शिकवलं. भागाकार होता, बाकी उरणारा. त्यांना काय सांगायचं ते उद्या नव्या बाई सांगतील, किंवा मी खाली असताना मधल्या सुट्टीत पोरंच येऊन मला विचारतील, आणि मी सांगेन. घंटा माझ्या वाक्यावर पडली. पोरं गेली. बटणकाकू बाकं सरळ करत होत्या, मी फळा पुसत होते.

"उद्या नव्या बाई येणार," काकू म्हणाल्या. "त्या बाहेर गेल्या आणि काही झालं तर मी काय करू?"

"पाढेबिढे काही नाही. हाक मारायची. जोरात. लाजायचं नाही."

त्यांनी शेवटचं बाक ओढलं आणि त्याच्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "आणि त्यांना ऐकू नाही गेलं तर? सगळ्यांचे कान काही तुमच्यासारखे नसतात, बाई. तुम्ही असणार दोन मजले खाली. तिथवर माझा आवाज येणार आहे का?"

मी डस्टर खाली ठेवलं. जिना, मधला मजला, ग्रंथालयाचं जाड लाकडी दार, सगळं मी मनात मोजून बघितलं.

"येईल," मी म्हटलं. "आणि या वेळी मी पळत येईन."